नाइट, दिवस आणि तीन महिन्यांची उधारी

व्यावसायिक मराठी नाटकातल्या नटाला महिन्याचा पगार नसतो. मानधन प्रयोगागणिक मिळतं. त्याला ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग रद्द झाला की नाइटही बुडते.

मालिकेचा हिशेब दिवसावर चालतो, पण पैसे हाती यायला अनेकदा तीन महिने लागतात. म्हणून मुंबईत घरभाडं भरणारा नट नाटक, मालिका, डबिंग, जाहिराती अशी सगळी कामं जुळवत राहतो.

सुरुवात बहुतेकदा स्पर्धांतून होते: पुण्यात १९६३पासून रंगणारा पुरुषोत्तम करंडक किंवा राज्य नाट्य स्पर्धा. तिथं दिग्दर्शकांची नजर पडते, ओळखी होतात, मग ऑडिशनचे निरोप येतात.

काही जण मात्र या अनिश्चित व्यवसायात पूर्णवेळ उशिरा उतरतात. कान-नाक-घशाचे सर्जन डॉ. श्रीराम लागू १९६९मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाले. त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी व्यवसाय सांभाळून हौशी रंगभूमीवर तालमी केल्या होत्या.