हत्तीचं पिल्लू आणि मुंबईचा मुलगा

हिंदी सिनेमातलं जंगल मुंबईकराला फार लांब शोधावं लागत नाही. गोरेगावला उतरायचं, पूर्वेला हायवे ओलांडायचा, की आरे. १९४९ पासून दारा खुरोडींच्या दूधयोजनेसाठी शहरातल्या तबेल्यांमधल्या हजारो म्हशी इथे हलवल्या गेल्या. म्हशींसाठी कुरणं राखली गेली आणि त्यांच्यासोबत सिनेमावाल्यांनाही तयार रान मिळालं. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’चं (१९५८) कुमाऊंच्या पहाडात केलेलं बरंचसं चित्रण धूसर निघालं, तेव्हा वैतरणा धरणापाशी सेट उभा राहिला आणि काही भाग आरेत उरकला गेला. पहाडी धुकं धुराचं होतं. प्रेक्षकांना त्यात काही खटकलं नाही. पुढे १९७७ मध्ये शेजारीच चित्रनगरी झाली आणि हे रान कायमचं कामाला लागलं.

याच रानाला २०१९ मध्ये आपण जंगल आहोत हे न्यायालयात सिद्ध करता आलं नाही. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडांवर करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. कॅमेऱ्याला साठ वर्षं जे जंगल दिसत आलं, ते सरकारी कागदाला दिसू नये याचा संताप अजून शमलेला नाही. आरेतल्या वारली पाड्यांवर वाघोबाला देव मानतात, बिबट्याचा वावर धरूनच तिथलं रोजचं जगणं चालतं. सिनेमात मात्र जंगल म्हणजे संकट. माणसाला त्यातून पलीकडे जायचं असतं, आणि बहुतेक वेळा काहीतरी सोबत न्यायचं असतं.

या जातीच्या कथेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे क्लूझोचा ‘वेजेस ऑफ फिअर’ (१९५३): नायट्रोग्लिसरीनने भरलेले ट्रक, खराब रस्ता आणि पैशांसाठी जिवावर उदार झालेली चार माणसं. विल्यम फ्रीडकिनने १९७७ मध्ये तीच गोष्ट ‘सॉर्सरर’ नावाने घनदाट जंगलात नेली. त्याच्यासारखा अफाट खर्च सगळ्यांना परवडत नाही. कमी पैशांत चित्रपट काढणाऱ्यांना हा साचा आवडतो तो वेगळ्या कारणाने. जंगल हाच सेट असतो, प्रवास हीच पटकथा असते, आणि धोका मुद्दाम उभा करावा लागत नाही.

‘माया’ (१९६६) हा याच जातीचा चित्रपट. पैसा अमेरिकन, वितरक एमजीएम, चित्रीकरण भारतात. जोखमीचा ऐवज म्हणजे हत्तीचं पांढरं पिल्लू. ते पवित्र मानलेलं आहे आणि जंगलापलीकडच्या देवळात पोचवायचं आहे. पोचवणार दोन मुलं: बापावर रुसून पळालेला अमेरिकन टेरी आणि इथला राजी. सोबतीला पिल्लाची आई माया, मागावर चोर. या चित्रपटाचा नाद एकदा लागला की त्याच्या श्रेयनामावलीतलं एकेक नाव वेगळ्याच गोष्टीत घेऊन जातं.

निर्माते किंग ब्रदर्स. मूळ आडनाव कोझिन्स्की, आधीचा धंदा स्लॉट मशीनचा. हॉलिवूडमध्ये ते काटकसरीच्या चित्रपटांसाठी ओळखले जात. मॅकार्थीच्या काळात डाव्या लेखकांना काळ्या यादीत टाकलं गेलं, तेव्हा या भावांना चांगल्या पटकथा स्वस्तात मिळू लागल्या. डाल्टन ट्रंबो तुरुंगात जाऊन आलेला, उघड काम मिळत नसलेला लेखक. त्याने त्यांच्यासाठी ‘द ब्रेव्ह वन’ (१९५६) लिहिला. मेक्सिकन मुलगा आणि त्याचा बैल यांची ही गोष्ट पडद्यावर ‘रॉबर्ट रिच’ या नावाने आली. १९५७ मध्ये तिला ऑस्कर मिळालं आणि ते घ्यायला ‘रॉबर्ट रिच’ काही आला नाही. ट्रंबोच्या हाती ते पडायला १९७५ उजाडलं. किंग ब्रदर्सनी त्याच्या अडचणीचा फायदा घेतला हे खरंच. पण मोठे स्टुडिओ दारं लावून बसले असताना त्याची चूल यांच्या पैशांवर पेटत होती, हेही तितकंच खरं.

या भावांचे तीन चित्रपट शेजारी ठेवले की एकच मनसुबा दिसतो. ‘द ब्रेव्ह वन’मध्ये मुलगा आणि जनावर. ‘गॉर्गो’मध्ये (१९६१) समुद्रातल्या अजस्र प्राण्याचं पिल्लू लंडनला आणतात आणि त्याची आई शहर मोडत त्याला न्यायला येते. ‘माया’त पुन्हा मुलगा, पुन्हा पिल्लू, पुन्हा आई. धंद्याच्या हिशेबाने केलेली ही पुनरावृत्ती असेल, पण त्यातली जनावराच्या बाजूने उभं राहण्याची ओढ खोटी वाटत नाही.

दिग्दर्शक जॉन बेरी. १९५० मध्ये त्याने ‘द हॉलिवूड टेन’ हा लघुपट केला, म्हणजे ट्रंबोसह तुरुंगात गेलेल्या दहा जणांची बाजू मांडली. लगेच तोही काळ्या यादीत गेला आणि फ्रान्सला निघून गेला. पटकथाकार जॉन फांटे, ‘आस्क द डस्ट’चा (१९३९) लेखक, तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेलेला. स्थलांतरित बाप आणि त्याच्यावर चिडलेला, तरी त्याच्यावाचून न राहणारा मुलगा हा फांटेचा आयुष्यभराचा विषय. ‘माया’त धैर्य गमावलेला शिकारी बाप आणि त्याची लाज वाटून पळणारा टेरी भेटतात, तेव्हा त्या स्वस्त साहसकथेच्या आत फांटेचा स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

भारतीय नटांमध्ये खलनायक आय. एस. जोहर, सोबत जयराज. आणि राजीचा बाप, नाना पळशीकर.

नानांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. १९३५ च्या ‘धुआँधार’पासून ते पडद्यावर होते. ‘दो बीघा ज़मीन’मध्ये (१९५३) ते बलराज साहनींचे वडील झाले. वयात अंतर पाच-सहा वर्षांचंच, पण जमिनीवर जीव जडलेला तो म्हातारा इतका खरा आहे की हा हिशेब मनात येतच नाही. ‘कानून’ (१९६०) आणि ‘शहर और सपना’ (१९६३) या दोन चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्याची फिल्मफेअर पारितोषिकं मिळाली. दैन्य आणि मान एकाच चेहऱ्यावर दिसावं ही त्यांची खासियत. ‘माया’त त्यांचं काम छोटंसं. पण पिल्लू देवळात पोचवायचं ही राजीच्या बापाची शेवटची इच्छा आहे, आणि पुढची सगळी धावपळ त्या शब्दाखातर आहे. त्या माणसाच्या बोलण्यावर प्रेक्षकाचा विश्वास बसला नाही, तर दोन मुलं हत्तीमागे उगाच हिंडताहेत असं वाटेल. परदेशी निर्मात्याने या जागी नानांना घेतलं, ही त्याच्या सगळ्या काटकसरीतली सर्वांत शहाणी निवड होती.

राजी म्हणजे साजिद खान. मुंबईतल्या गरीब वस्तीतलं हे मूल मेहबूब खान यांच्या नजरेला पडलं आणि ‘मदर इंडिया’त (१९५७) छोटा बिरजू झालं. मेहबूबनी त्याला आपल्या घरात घेतलं आणि त्याच्याभोवती ‘सन ऑफ इंडिया’ (१९६२) उभा केला. २८ मे १९६४ रोजी, नेहरूंच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी, मेहबूब गेले. साजिद तेव्हा बारा वर्षांचा होता.

‘माया’त त्याच्यासमोर होता जे नॉर्थ, ‘डेनिस द मेनेस’ या मालिकेमुळे अमेरिकेतल्या घराघरांत ठाऊक झालेला. दोघंही १९५१ मध्ये, पाच महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. नॉर्थ कॅमेऱ्यासमोर वाढलेला, सफाईदार. साजिदची नजर मात्र सतत हत्तीवर, वाटेवर, मागून येणाऱ्या धोक्यावर. जंगल पार करायला निघालेलं पोर म्हणून त्याच्यावर भरवसा बसतो. चित्रपट त्यानेच तोलला आहे.

एनबीसीने १९६७ मध्ये याच जोडीला घेऊन ‘माया’ नावाची मालिका केली. चित्रीकरण पुन्हा भारतातच. १९६८ च्या सुरुवातीला, अठरा भागांनंतर ती बंद पडली. पण तेवढ्यात अमेरिकेतल्या शाळकरी मुलींच्या मासिकांमधून साजिदचे फोटो झळकू लागले. ‘मंकीज’ची गाणी काढणाऱ्या कोलजेम्स कंपनीने १९६८ मध्ये ‘साजिद’ नावाची तबकडी काढली. गळ्यापेक्षा चेहऱ्यावर विकली जाईल अशी ती योजना होती आणि ती टिकली नाही. ‘द बिग व्हॅली’सारख्या मालिकांतून पाहुण्या भूमिका झाल्या. मग फिलिपिन्स: नोरा औनोरसोबत ‘द सिंगिंग फिलिपिना’ (१९७१). मुंबईच्या मुलाला मनिलात नायक होता आलं.

मुंबईत मात्र जागा झाली नाही. ‘सवेरा’सारखे (१९७२) चित्रपट आले आणि गेले. हिंदी चित्रपटाला तोवर राजेश खन्ना मिळाला होता, आणि परदेशात गाजून आलेल्या मुलाचं काय करायचं हे इथे कोणालाच सुचलं नाही. मर्चंट-आयव्हरींच्या ‘हीट अँड डस्ट’मध्ये (१९८३) तो डाकू झाला. पुढे त्याने दागिन्यांचा व्यवसाय केला आणि उत्तरायुष्य केरळात घालवलं.

नॉर्थच्या वाट्यालाही सुख आलं नाही. बालपणी चित्रीकरणाच्या जागी नातेवाईकांकडून झालेल्या छळाबद्दल तो मोठेपणी जाहीरपणे बोलला आणि माजी बालकलाकारांना आधार देणाऱ्या संस्थेच्या कामात उतरला.

साजिद २२ डिसेंबर २०२३ रोजी कायमकुळमला गेला, नॉर्थ एप्रिल २०२५ मध्ये. पहिल्याच्या बातम्यांचा मथळा ‘मदर इंडिया’तल्या छोट्या बिरजूचा होता, दुसऱ्याच्या मथळ्यात डेनिस. हत्तीचं पिल्लू दोघांनी मिळून पोचवलं, ती गोष्ट दोन्हीकडे आतल्या मजकुरात गेली.