तीस फुटांवरून पडल्यावर

अमेरिका-मेक्सिको सीमेवर, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोजवळ, पूर्वी ८ ते १७ फूट उंचीचे कुंपण होते. २०१९पर्यंत तिथे बऱ्याच पट्ट्यात ३० फुटांची पोलादी भिंत आली. उंची पाहून लोक चढणार नाहीत, असा हिशेब होता. प्रत्यक्षात भिंतीवरून पडून तिथल्या विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये २०१६ ते २०१८ या काळात ६७ जण दाखल झाले होते. पुढच्या तीन वर्षांत ३७५. आधी अशा मृत्यूची नोंद नव्हती, नंतर १६ झाले. ‘जामा सर्जरी’ने २०२२मध्ये ही आकडेवारी छापली. सीमा ओलांडणारेही त्या काळात वाढले, हे खरे. पण जखमाही अधिक गंभीर झाल्या होत्या.

त्याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. १७ फुटांवरून पडणारा माणूस ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो, ३० फुटांवरून पडणारा ४८. आघाताची ऊर्जा मात्र पावणेदोन पट होते. पायांवर पडले, की टाचेचे हाड चुरते, नडगीचे खालचे टोक फुटते आणि धक्का कमरेच्या मणक्यापर्यंत पोहोचतो. म्हणून उंचावरून पडलेल्याची टाच मोडलेली दिसली, की डॉक्टर पाठही तपासतात. पायाच्या कळांपुढे रुग्णाला पाठीचे दुखणे जाणवतेच असे नाही. आपल्याकडे परांचीवरून पडलेल्या मजुराला चार जण बखोटीला धरून उभे करतात. तसे कधीच करू नये.

अमेरिकेत १९८६च्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या कोणालाही, नागरिकत्व किंवा पैसे न पाहता, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. जवळजवळ सर्व रुग्णालयांना हे बंधन आहे. अडचण ‘स्थिर’ या शब्दात आहे. फुटलेल्या नडगीवर अनेकदा दोन टप्प्यांत उपचार होतात. आधी बाहेरून सळयांची चौकट बसवायची, एक-दोन आठवड्यांनी सूज उतरली की आत पट्टी टाकायची. त्यानंतर कित्येक आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही. पहिल्या टप्प्यानंतर रुग्ण कायद्याच्या भाषेत स्थिर असतो. तो दूरच्या राज्यातल्या नातेवाइकांकडे गेला, तर सळयांभोवतीच्या जखमांची निगा कोण राखणार आणि दुसरी शस्त्रक्रिया कुठे होणार, हे त्याला स्वतःलाच शोधावे लागते. विमा नसतो, जुने एक्स-रे मागे राहिलेले असतात आणि पाय अजून जमिनीला टेकवायचा नसतो.