संध्याकाळ कोण सांभाळणार?

डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्यात रात्री जो दिवा पेटतो त्याची वीज गोव्यात तयार होत नाही. छत्तीसगडमधले कोरबा, मध्य प्रदेशातले विंध्याचल, तेलंगणातले रामगुंडम ही कोळशाची केंद्रे, शिवाय तारापूर आणि काकरापारच्या अणुभट्ट्या, यांच्यातला वाटा केंद्र सरकार गोव्याला नेमून देते. सांकवाळला नाफ्थ्यावर चालणारा ४८ मेगावॉटचा एक प्रकल्प होता, तोही आता बंद आहे. म्हणजे आमचे वीज खाते मुळात वीज बाहेरून आणून वाटणारे खाते. कोल्हापूरकडून ४०० केव्हीची वाहिनी कोलवाळला उतरते. २२० केव्हीच्या वाहिन्यांनी आलेली वीज डिचोली तालुक्यातल्या आमोण्याच्या उपकेंद्रात येते आणि तिथून साखळी, पाळी, सुर्ला असे फाटे फुटतात. सह्याद्री ओलांडून आलेल्या या चार-दोन दोऱ्यांवर सगळा गोवा टांगलेला आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा गावातले खांब तर मोडलेच, पण महाराष्ट्राकडून येणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्यांनाही फटका बसला. त्या दिवसांत हे टांगलेपण सगळ्यांना कळले.

उलट उदाहरणही आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाचे ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातले साठ कोटींहून अधिक लोक अंधारात होते. पश्चिमेचे ग्रिड मात्र तगले. दक्षिणेचे तर तेव्हा बाकी देशाशी एका तालात जोडलेलेच नव्हते. गोव्याला दोन्हींकडून वीज येत असल्यामुळे त्या दिवशी आपले भाग्य चांगले म्हणायचे. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रिड झाले. तेव्हापासून सुर्ल्याचा पंखा आणि काश्मीरचा दिवा एकाच ठोक्यावर चालतात, सेकंदाला पन्नास आवर्तने. हा ठोका ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचा असा नियम आहे. विजेची मागणी वाढली की तो उतरतो, निर्मिती जास्त झाली की चढतो. वीज साठवून ठेवलेली नसेल तर दोन्हींचा मेळ क्षणोक्षणी घालावाच लागतो.

आता यात सूर्य आला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावर तीन किलोवॉटचे पॅनल बसवणाऱ्या कुटुंबाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. २०५० पर्यंत सगळी वीज अपारंपरिक स्रोतांतून घेऊ, असे गोवा सरकार सांगते. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा-वायू सोडून बाकीचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला. चांगलेच आहे. खाणीच्या धुळीत आयुष्य काढलेल्या डिचोली तालुक्याला स्वच्छ विजेचे महत्त्व कोणी शिकवायला नको. पण क्षमता ही कागदावरची गोष्ट. दशावतारी नाटकाला पेडण्यात रंग भरतो तो मध्यरात्रीनंतर, आणि नरकासुराच्या रात्री गावोगावचे लाऊडस्पीकर पहाटेपर्यंत थांबत नाहीत. त्या वेळी पॅनल झोपलेले असतात. जून ते सप्टेंबर तर सूर्य दिवसाही नावालाच. दुपारी भरपूर आणि दिवेलागणीला शून्य, असा हा पुरवठा आहे. ग्रिड चालवणाऱ्याची खरी कसोटी संध्याकाळी सहा ते नऊ असते.

संध्याकाळखेरीज दुसरी अडचण आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. कोळशाच्या केंद्रातले टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेते आणि त्याचा फिरणारा भाग कित्येक टन वजनाचा असतो. कुठे एखादे केंद्र अचानक बंद पडले तरी बाकीची ही धुडे, हात काढल्यावर जाते जसे थोडे फिरत राहते तशी, काही सेकंद ग्रिडचा ठोका सावरून धरतात. तेवढ्यात इतर केंद्रे वाफ वाढवतात, पाणी सोडतात. सौर पॅनलमध्ये फिरणारे काहीच नाही. इन्व्हर्टर बाहेरचा ठोका बघून त्याच्यामागे चालतो, स्वतः ठोका धरत नाही. स्वतः ठोका धरणारे इन्व्हर्टर आता आले आहेत, पण आपल्या छतांवरचे बहुतेक त्यातले नव्हेत.

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी १२.३३ ला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश काही सेकंदांत काळोखात गेले. भर दुपार, लखलखीत ऊन, ग्रिडवर सौर वीज भरपूर. लगेच सगळीकडे सूर्यावर खापर फुटले. चौकशीत निघाले ते निराळेच: वाहिन्यांतला दाब वाढत गेला, तो आवरायची तजवीज अपुरी पडली, आणि दाब वाढला म्हणून एकामागून एक केंद्रे सुटत गेली. त्यात भर म्हणजे बाकी युरोपशी त्या देशांचा संबंध पिरेनीज डोंगरावरून जाणाऱ्या मोजक्या वाहिन्यांचा. सह्याद्रीच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी हे वाचून जरा थबकावे.

दाब वाढण्याचा हाच प्रकार छोट्या प्रमाणात गावातही होतो. एका ट्रान्सफॉर्मरवर दहा-बारा घरांनी पॅनल बसवले आणि दुपारी घरे रिकामी असली, की वीज उलटी चढते, व्होल्टेज २५० च्या वर जाते आणि इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. पावसात माडाची झावळ तारेवर पडून वीज गेली, की छतावरचे पॅनलही बंद. लोक चिडतात: डोक्यावर ऊन आहे, पॅनल आहेत, मग पंखा का नाही? कारण साधे आहे. खांबावर चढलेल्या लायनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टरने थांबायचे असते. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर घरापुरती वीज चालू राहते. विकणारे हे आधी सांगत नाहीत, कारण किंमत वाढते.

गोव्यात वीज यायला आणखी एक दार उघडण्यासाठी गोवा-तमनार प्रकल्प आला. धारवाडजवळच्या नरेंद्रपासून शेल्ड्यापर्यंत ४०० केव्हीची वाहिनी. ती मोलेच्या अभयारण्यातून जाणार म्हटल्यावर २०२० मध्ये तरुण मुले रस्त्यावर उतरली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, वाहिनी जुन्या मार्गालगत नेण्याची केंद्रीय उच्चाधिकार समितीची शिफारस मान्य केली. मला विचाराल तर दुसरे दार हवेच होते, आणि मुलांचा रागही खरा होता. वाहिनी आली तरी ती आणणार बाहेरचीच वीज.

संध्याकाळ आजवर सांभाळली ती पाण्याने. कोविडच्या टाळेबंदीत ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवायचे ठरले तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत ३१,००० मेगावॉटने खाली आली. अंदाज त्याच्या निम्म्याचाही नव्हता. ग्रिड पडले नाही, कारण जलविद्युत केंद्रांनी सुमारे १७,५०० मेगावॉट निर्मिती झटपट उतरवली आणि मग पुन्हा चढवली. कोळशाला एवढी चपळाई जमत नाही. महाराष्ट्रात हे काम कोयनेचे, १,९६० मेगावॉटचे. पण कोयनेचे पाणी पश्चिमेला किती सोडायचे यावर कृष्णा लवादाचे बंधन आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी. आपल्या जवळची तिलारीही अशीच. चंदगडच्या पठारावरचे पाणी घाटाखाली कोनाळच्या वीजघरात उतरते, साठएक मेगावॉट वीज देते, मग खालच्या धरणात जाऊन कालव्यांनी दोडामार्ग, डिचोली आणि पेडण्याच्या शेतांत येते. वीज महाराष्ट्राची, पाणी दोघांचे.

मग दुपारची जादा वीज वापरून पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे, हा उपाय. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या किडस्टन गावी सोन्याच्या बंद खाणीचे दोन खड्डे या कामी लावण्याचे चालले आहे, २५० मेगावॉट, आठ तास. आता सुर्ला, पाळी, वेळगे हा सगळा पट्टा बघा. लोहखनिज काढून झालेले खोल खड्डे, त्यांत पावसाचे पाणी, शेजारी मातीचे डोंगर. दहा लाख घनमीटर पाणी शंभर मीटर खाली सोडले तर तोटा धरून सव्वादोन लाख युनिट वीज मिळते. ती पूर्ण राज्याला पुरणार नाही, पण संध्याकाळचा कडेलोट सावरायला मोलाची. अडचणी आहेतच: खड्ड्यांची धार ढासळती, मातीचे ढीग पाणी धरायला भरवशाचे नाहीत, आसपासच्या विहिरी त्याच पाण्यावर, आणि खाणी पुन्हा सुरू होत असल्याने कोणता खड्डा मोकळा राहील हाही प्रश्न. कदाचित बॅटऱ्याच स्वस्त पडतील. पण हे मोजल्याशिवाय कसे कळणार? खाण खात्याकडे खड्ड्यांचे नकाशे असतात, वीज खात्याकडे तासागणिक मागणीचे आकडे. दोन्ही खाती पणजीतच आहेत. पुढच्या ग्रामसभेत सोलरच्या अनुदानाचा विषय निघेल तेव्हा सुर्लेकरांनी हाही ठराव मांडावा: आमच्या खड्ड्यांची या कामासाठी पाहणी करा आणि अहवाल गावासमोर ठेवा.