सामुदायिक पोलीसकार्य अनुदान

स्थानिक पोलिसांनी ठराविक वस्तीशी कायमचा संबंध ठेवून, तेथील रहिवाशांच्या सहकार्याने गुन्ह्यांची व तंट्यांची मुळे शोधावीत, या पद्धतीस सामुदायिक पोलीसकार्य म्हणतात. ते चालविण्यासाठी वरच्या स्तरावरील शासन स्थानिक संस्थांना जे अर्थसाहाय्य देते, ते सामुदायिक पोलीसकार्य अनुदान होय. अशा अनुदानाचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

तेथे हजारो शहरे व काउंट्या आपापले पोलीस दल मुख्यतः स्थानिक करांतून पोसतात. संघीय शासनाने १९६८ च्या अधिनियमान्वये या कामी मोठ्या प्रमाणावर साहाय्य सुरू केले. पण बराच पैसा साधनसामग्रीवर खर्च झाल्याची टीका झाली आणि ती यंत्रणा १९८२ मध्ये गुंडाळण्यात आली. दरम्यान मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात १९७९ मध्ये एका खाजगी प्रतिष्ठानाच्या देणगीवर पायी गस्तीचा उपक्रम सुरू झाला होता. देणगीची मुदत संपत आली, तेव्हा १९८२ मध्ये तेथील मतदारांनी स्वतःवर जादा कर बसवून घेऊन गस्त चालू ठेवली. मोटारउद्योगावर विसंबलेल्या व मंदीने ग्रासलेल्या शहराने हा निर्णय घ्यावा, हे लक्षणीय आहे.

राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १३ सप्टेंबर १९९४ रोजी स्वाक्षरी केलेल्या गुन्हेगारी नियंत्रण अधिनियमात सहा वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरची तरतूद व १ लाख जादा पोलिसांचे उद्दिष्ट होते. त्यासाठी न्याय विभागात स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. प्रत्येक पदासाठी तीन वर्षांत कमाल ७५,००० डॉलर मिळत. संघीय वाटा सामान्यतः खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत असे. निम्मा निधी दीड लाखांपर्यंत लोकसंख्येच्या क्षेत्रांसाठी राखून ठेवला होता. ५० हजारांहून कमी वस्तीच्या गावांना एकपानी अर्ज पुरे.

योजनेची खरी कसोटी दोन अटींत होती. अनुदानाने स्थानिक खर्चाची जागा घ्यावयाची नाही, त्यात भर घालावयाची. आणि मुदत संपल्यावर ते पद गावाने स्वतःच्या पैशातून टिकवावयाचे. पहिली अट तपासणे अवघड, कारण अनुदान नसते तर गावाने किती पोलीस नेमले असते, हे कोणास सांगता येणार? दुसरी अट पाळणे अवघड. चौथ्या वर्षी वेतनवाढ, निवृत्तिवेतन व विमा यांसह सारा भार स्थानिक तिजोरीवर येतो. संपन्न उपनगरास तो पेलतो. जेथे गुन्हे अधिक व करांचे उत्पन्न तुटपुंजे, तेथे पहिला २५ टक्के वाटाही जड जातो. याच भीतीने काही गावांनी अनुदान नाकारले.

अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या २००० मधील मूल्यमापनानुसार प्रत्यक्ष रस्त्यावर वाढलेले पोलीसबळ १ लाखापेक्षा बरेच कमी राहणार होते. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ मध्ये गुन्ह्यांच्या घटीत योजनेचा काही वाटा मान्य केला, परंतु तो माफकच होता. पोलिसांची डोकी मोजता येतात. वस्तीचा विश्वास मोजणे कठीण, आणि भरतीचे अनुदान स्वभावतः पहिल्याकडेच झुकते. २००९ च्या मंदीत स्थानिक वाट्याची अट न ठेवता १०० कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा ७,००० हून अधिक दलांनी सुमारे ८३० कोटींची मागणी केली.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून राबविलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत पैशाचा क्रम उलटा होता. गावच्या समितीने तंटे सामोपचाराने मिटवावयाचे आणि मूल्यमापनानंतर लोकसंख्येच्या प्रमाणात गावास पुरस्काराची रक्कम मिळावयाची. वेतनाचा कायमचा बोजा त्यात नाही. मात्र पुरस्कारासाठी दुबळ्या तक्रारदारावर, विशेषतः स्त्रियांवर, तडजोडीचे दडपण येण्याचा संभव अशा पद्धतीत राहतो.