रांग म्हणावे की उतरंड?

संगणकाच्या मराठी परिभाषेत ‘क्यू’ला ‘रांग’ हा शब्द रूढ झाला आहे. हुबळीच्या स्थानकावर तिकिटाच्या खिडकीपुढे जो आधी उभा राहिला, त्याला तिकीट आधी. तो निघून गेला की मागचा एक पाऊल पुढे सरकतो. या चित्रावर विसंबून मी एकदा चांगलाच फसलो.

काम धारवाडच्या एका पतसंस्थेचे होते. आदल्या दिवशी भरलेले हप्ते पहाटे ४ वाजता खात्यांवर चढवायचे आणि सकाळी ९ वाजता वसुलीची यादी छापायची, असा शिरस्ता. एके दिवशी पहाटेचे काम झाले सकाळी १० वाजता. आदल्या संध्याकाळी हप्ता भरून गेलेल्या एका भाजीविक्रेत्या बाईंचे नाव थकबाकीदारांत छापले गेले आणि वसुलीचा माणूस त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यांनी पावती दाखवली, तरी तो यादीकडे बोट दाखवत राहिला. दुसऱ्या दिवशी सगळी कामे पुन्हा वेळेवर झाली. नोंदवहीत कुठेही चुकीचा संदेश नव्हता.

ठरलेल्या वेळी ठरलेले काम आपोआप करण्याची सोय बऱ्याच डेटाबेस सर्व्हरांत असते. मायएसक्यूएलमध्ये ती ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये आली. आमचा सर्व्हर खुल्या स्रोताचा होता आणि कामे रद्द करण्याचा भाग आम्हीच बदलून घेतला होता. दोष त्याच भागात निघाला.

अशा वेळापत्रकात आधी कोण आले याला महत्त्व नसते. ज्याची वेळ आधी, ते काम वर. म्हणून कामे ‘हीप’ या रचनेत ठेवतात. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी ती १९६४ मध्ये मांडली. आपल्याकडच्या स्वयंपाकघरातली उतरंड आठवा: सर्वांत लहान मडके सर्वांत वर. फरक एवढाच, की इथे प्रत्येक मडक्याखाली दोन मडकी असतात. वरचे काम खालच्या दोन्हींच्या आधीचे, हा एकच नियम. डाव्या आणि उजव्या फांदीची आपसांत तुलना नसते. सर्व्हर फक्त माथ्याकडे पाहतो आणि त्या वेळेपर्यंत झोपतो.

आमच्या माथ्यावर १ वाजताचे काम होते. त्याखाली डावीकडे १०, उजवीकडे २. १० च्या खाली ११ आणि १२. २ च्या खाली ३ आणि ४. पतसंस्थेने ११ चे काम रद्द केले. मोकळी जागा भरण्यासाठी सर्वांत शेवटचे काम तिथे आणून ठेवतात. शेवटी होते ४ चे. ते उजव्या फांदीतून डावीकडे, थेट १० च्या खाली जाऊन बसले. नियम मोडला.

आमची आज्ञावली आणलेले काम फक्त खालच्यांशी ताडून पाहत होती. ४ च्या खाली कोणीच नव्हते, म्हणून तिने सारे ठीक मानले. १, २ आणि ३ ची कामे वेळेवर झाली व दुसऱ्या दिवसाची वेळ घेऊन खाली गेली. मग माथ्यावर आले १०. सर्व्हर दहापर्यंत झोपला आणि त्याच्याखाली ४ चे काम अडकून पडले. दहा वाजता ते वर आले, वेळ टळून गेलेली म्हणून लगेच झाले. या उलथापालथीत उतरंड पुन्हा नियमात बसली. म्हणूनच दुसऱ्या दिवशी शोधायला काही उरले नव्हते.

दुरुस्ती मोजून तीन ओळींची. आणलेले काम आधी वरच्याशी ताडायचे; त्याच्या आधीचे असेल तर वर चढवायचे, नसेल तर खालच्यांशी ताडायचे. खरा वेळ चाचणीत गेला. हजारो कामे वाटेल तशी घालायची, मधूनच काढायची आणि प्रत्येक पावलानंतर सगळी उतरंड तपासायची. जुनी आज्ञावली या चाचणीत लगेच नापास झाली.

ही चूक इतके दिवस का दिसली नाही? आमच्या मराठी टिपणात मीच लिहिले होते: ‘रांगेतून काम काढले की मागचे पुढे सरकते.’ शब्द ओळखीचा असल्याने वाचणाऱ्यांपैकी कोणालाही शंका आली नाही. उतरंडीची उपमाही पुरती जुळत नाही, कारण खऱ्या उतरंडीला फांद्या नसतात. पण मधले मडके काढताना हात जपून घालावा, एवढे ती नक्की सुचवते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की आल्या क्रमाने चालणाऱ्या रचनेलाच नुसते ‘रांग’ म्हणावे आणि हिला ‘अग्रक्रम-उतरंड’ किंवा याहून नेमके काही सुचल्यास ते.

त्या बाईंचे नाव यादीतून काढले गेले. पतसंस्थेचे सचिव मला घेऊन त्यांच्या गाळ्यावर गेले. मी फांद्या, माथा वगैरे सांगू लागलो. त्यांनी मध्येच विचारले, “म्हंजे माझी पावती खरी होती, न्हवं?” मी हो म्हणालो.