विश्लेषण : डॅशबोर्डवरून ‘एक्स्पोर्ट’ केलेला अहवाल का फसवतो?

महिनाअखेरची बैठक तोंडावर आली की कार्यालयात एक फर्मान हमखास निघते : ‘त्या डॅशबोर्डची एक्सेल काढून पाठवा.’ पॉवर बीआय, टॅब्लो यांसारख्या विश्लेषण प्रणालींवर कंपन्या आणि सरकारी खाती भरपूर खर्च करतात, पण अनेक निर्णय होतात ते त्यातून बाहेर काढलेल्या फाइलवर. ही फाइल म्हणजे पडद्यावरच्या अहवालाची हुबेहूब प्रत, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तिच्यात कधी कमी माहिती असते, तर कधी नको तितकी जास्त. ब्रिटनने या दोन्हींची किंमत मोजली आहे.

१५,८४१ रुग्ण कुठे गेले?

२०२० च्या सप्टेंबरअखेरीस करोनाची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून चाचण्यांचे निकाल ‘सीएसव्ही’ फाइलमधून येत आणि ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही संस्था ते एक्सेलच्या साच्यात ओढून पुढे डॅशबोर्डकडे आणि संपर्क शोधणाऱ्या पथकांकडे पाठवत असे. हा साचा जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारातला होता. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. एका चाचणीला अनेक ओळी लागत असल्याने एका फाइलमध्ये जेमतेम १,४०० रुग्णांची नोंद बसे. त्यापुढच्या नोंदी गळत गेल्या आणि कुठेही धोक्याची घंटा वाजली नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित दैनंदिन आकडेवारीतून वगळले गेले.

रुग्णांना स्वत:चा अहवाल मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचे काम रखडले. ज्या भागांत ही गळती मोठी होती, तिथे पुढच्या काळात संसर्ग आणि मृत्यू अधिक झाले, असे अर्थशास्त्रज्ञांनी नंतरच्या अभ्यासात मांडले. गंमत अशी, की २००७ पासूनच्या ‘एक्सएलएसएक्स’ प्रकारात १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे हा घोटाळा झाला तेव्हा उपाय तेरा वर्षे जुना होता.

आजच्या प्रणालींमध्ये हे होत नाही?

होते. पॉवर बीआयमधील एखाद्या तक्त्याची माहिती बाहेर काढताना ‘सीएसव्ही’त जास्तीत जास्त ३० हजार, तर एक्सेलमध्ये दीड लाख ओळी येतात. दोन लाख व्यवहारांचा तक्ता ‘सीएसव्ही’त उतरवून बेरीज मारली, तर ती डॅशबोर्डवरच्या बेरजेशी जुळणार नाही. मग दोन विभाग दोन आकडे घेऊन भांडत बसतात आणि खापर फुटते डॅशबोर्ड बनवणाऱ्यावर. ‘पीडीएफ’चा प्रकार आणखी फसवा. ती त्या क्षणाचे छायाचित्र असते. पडद्यावर सरकवून पाहाव्या लागणाऱ्या लांब तक्त्याचा दिसणारा भागच तिच्यात येतो. संपूर्ण यादी छापायची तर ‘पॅजिनेटेड रिपोर्ट’ हा वेगळा अहवाल बनवावा लागतो.

जास्त माहिती कशी बाहेर पडते?

उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाकडे ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकाराखाली साधा प्रश्न आला : कोणत्या हुद्द्यावर किती जण आहेत? मनुष्यबळ प्रणालीतून एक्सेल फाइल उतरवली गेली, तिच्यावर मोजणी झाली, जास्तीची पाने काढली गेली. मूळ पान मात्र नजरेआड राहिले. उत्तर संकेतस्थळावर झळकले, तेव्हा त्यात ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे होती. जिथे पोलीस असल्याचे शेजाऱ्यांपासूनही लपवावे लागते, तिथली ही यादी सशस्त्र गटांच्या हाती पडल्याचे दलालाच मान्य करावे लागले. पुढच्याच महिन्यात दलाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. २०२४ मध्ये माहिती आयुक्त कार्यालयाने साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला.

हे फक्त लपलेल्या पानापुरते नाही. एक्सेलचे ‘पिव्होट टेबल’ मूळ माहितीची प्रत पोटात बाळगते. मूळ पान पुसले तरी बेरजेवर दोनदा क्लिक करताच त्यामागच्या ओळी उघडतात. फिल्टरने दडवलेल्या ओळीही फाइलमध्येच असतात. शाखेनिहाय पगाराची बेरीज पाठवणाऱ्याने प्रत्येकाचा पगार पाठवलेला असू शकतो.

मराठी नावांचे चौकोन का होतात?

‘सीएसव्ही’ ही निव्वळ मजकुराची फाइल. तिची लिपी-पद्धत एक्सेलने ओळखली नाही, तर देवनागरी नावांच्या जागी विचित्र चिन्हांची माळ उमटते. एक्सेलमधून फाइल जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला, तर हे टळते. आकड्यांचे नुकसान मात्र चटकन दिसत नाही. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य उडते आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात. तो रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून आयात करणे, हा त्यावरचा एक इलाज. जनुकांची काही नावे एक्सेल तारखा समजत असल्याने, अखेर २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ती नावेच बदलली!

मग काय करता येते?

शक्यतो फाइलऐवजी डॅशबोर्डचा दुवा पाठवावा. तिथे कोणी काय पाहावे, हे ठरवता येते. फाइल हवीच असेल, तर तिच्यात काढल्याची वेळ, लावलेले फिल्टर आणि एकूण ओळी नोंदवून बेरीज डॅशबोर्डशी ताडून पाहावी. बाहेरच्यांना द्यायचे आकडे कोऱ्या फाइलमध्ये केवळ मूल्ये म्हणून चिकटवावेत. हे शेवटचे काम दोन मिनिटांचे आहे आणि नेमके तेच टाळले जाते.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पॉवर बीआयमध्ये एक्स्पोर्टची सोय प्रशासकाला सरसकट बंद करता येते किंवा संवेदनशीलतेचे लेबल लावून एक्सेल आणि पीडीएफ फाइलला कुलूप घालता येते. ‘सीएसव्ही’वर मात्र हे कुलूप बसत नाही.