कसाऱ्याच्या पावसात सौर दिवा

सौर दिव्याची पारख उन्हाळ्यात करू नये. चैत्र-वैशाखात कोणताही दिवा उत्तम चालतो. त्याची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. कसाऱ्याच्या परिसरातील पाड्यांवर दिव्याची निकडही तेव्हाच अधिक. वादळात विजेची तार तुटते, मण्यारीसारखा विषारी साप रात्रीच घरात शिरतो, आणि आवणीहून परतलेल्या बाईस चूल अंधारात पेटवावी लागते.

म्हणून हिशेब पावसाळ्याचा करावा. ५ वॉटचे दोन दिवे रोज ४ तास लावले, तर ४० वॉट-तास वीज लागते. मोबाईलसाठी आणखी १० धरावी. ४० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात, गळती वजा जाता, दिवसाला सुमारे १३० वॉट-तास देते. दाट ढगांत तेच उत्पन्न पाचव्या हिश्शावर, म्हणजे पंचविसावर येते. १२ व्होल्ट, २० अँपिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीत २४० वॉट-तास मावतात. परंतु निम्म्याहून अधिक उपसल्यास तिचे आयुष्य घटते. तेव्हा झड लागताच एकच दिवा लावावा, म्हणजे रोजच्या मिळकतीत रोजचा खर्च जवळजवळ भागतो.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंश कलते बसवावे. सागाच्या एका पानाची सावलीही उत्पन्न बरेच घटविते, कारण आतील घट एकापुढे एक जोडलेले असतात. काच सकाळी, थंड असताना, साध्या पाण्याने पुसावी. भांड्यांप्रमाणे राखेने घासण्याची हौस येथे नको, चरे पडतात.

२०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले. त्याने वीजबिल उतरते खरे. परंतु वाहिनीस जोडलेला असा संच वीज जाताच आपोआप बंद पडतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्याच्या जिवास धोका होईल. बॅटरीवाचून तो अंधारात उपयोगी पडत नाही, हे ग्रामसेवकांनी अर्ज भरण्यापूर्वीच सांगावे.

दिवे अडगळीत पडतात ते बहुधा दुरुस्तीअभावी. मुंबईच्या आयआयटीने २०१४ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी सौर दिव्यांची योजना राबविली, तेव्हा दिवे जोडणे व दुरुस्त करणे ही कामे स्थानिक लोकांनाच शिकविली. आपणही पाड्यावरील एखाद्या हुशार मुलास फ्यूज तपासणे, तारांची टोके घासून घट्ट करणे व बॅटरीत शुद्ध केलेले पाणी भरणे शिकवावे. हे काम मृगापूर्वी उरकावे.